श्रावणात दूध का वाढलं?

बाईंच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत व्यसनमुक्ती केंद्राची फाईल, दुसरीत मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्यांचा रबरबँड लावलेला गठ्ठा. फाईलमध्ये नवरा कधीपासून पितो, किती पितो, किती वेळा सोडली, किती वेळा 'स्लिप' झाली, लिव्हरचे रिपोर्ट काय, सगळं तारीखवार होतं. मनाबद्दल एवढंच: 'स्वभाव तापट'. गठ्ठ्यात नैराश्याचं निदान होतं, गोळ्यांची नावं होती, डोस वाढवल्याच्या नोंदी होत्या. दारूबद्दल दोनच शब्द: 'अधूनमधून घेतात'. चार वर्षं या दोन पिशव्या एकाच घरातून निघत होत्या आणि एकमेकींना भेटत नव्हत्या.

नवरा माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे. ते बाहेर बाकावर बसून होते, आत यायला तयार नव्हते. बाई म्हणाल्या, "केंद्रात म्हणतात, ह्यांना डिप्रेशन आहे, आधी डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर म्हणतात, आधी दारू सुटू दे, मग गोळ्या लागू पडतील. मी ह्यांना घेऊन एस.टी.नं इकडून तिकडे फिरतेय. कुणाचं आधी ऐकू, तेवढं सांगा."

हे कुटुंब कुणा एकाचं नाही. ओळख पटू नये म्हणून तीन-चार घरांतले तपशील मी इथे एकत्र केले आहेत. बाईंचा प्रश्न मात्र या सगळ्या घरांनी जवळजवळ याच शब्दांत विचारलेला आहे. मद्यपाश आणि मनाचा दुसरा आजार एकाच माणसात असतात तेव्हा उपचार अडतो तो बहुतेकदा याच 'आधी कोणतं' पाशी.

असं होणं दुर्मीळ असतं तर त्यासाठी वेगळं प्रकरण लिहायची गरज नव्हती. अमेरिकेत १९८० ते १९८४ या काळात पाच ठिकाणी मिळून वीस हजारांहून जास्त लोकांची घरोघर जाऊन पाहणी झाली. तिचे निष्कर्ष डॅरेल रेगिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केले. दारूचा विकार असलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा मानसिक आजार झालेला होता. उलट बाजूनं पाहिलं तर चित्र आणखी गडद होतं. स्किझोफ्रेनिया झालेल्यांपैकी ४७ टक्के कुठल्या ना कुठल्या नशेच्या विकारात सापडलेले होते. बायपोलर आजाराच्या तीव्र प्रकारात हे प्रमाण दहात सहा होतं. म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात आलेल्या माणसाचं मन तपासणं आणि मनोरुग्णालयात आलेल्याला दारूबद्दल नीट विचारणं हा रोजच्या तपासणीचाच भाग असायला हवा. आपल्याकडे केंद्र सरकारसाठी 'एम्स'नं केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांपैकी ५.७ कोटींना मदतीची गरज आहे आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांत जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. आधीच इतक्या अरुंद दारातून आत आलेल्या माणसाला 'हे आमच्याकडे नाही, तिकडे जा' असं सांगणं मला क्रूर वाटतं.

पण डॉक्टर 'आधी दारू सुटू दे' म्हणतात तेव्हा त्यात काहीच तथ्य नसतं असं नाही. दारू स्वतः मनाचे आजार घडवते, आणि हुबेहूब घडवते.

मेंदूत सतत रस्सीखेच चालू असते. एका बाजूला मज्जापेशींना शांत करणारं 'गाबा' हे रसायन, दुसऱ्या बाजूला त्यांना चेतवणारं 'ग्लुटामेट'. दोर मधोमध असतो तोवर माणूस जागा असतो आणि स्वस्थही असतो. दारू उतरते ती गाबाच्या बाजूनं. पहिल्या पेगनंतर खांदे सैल पडतात, जीभ मोकळी होते, ते यामुळेच. पण रोज संध्याकाळी एका बाजूला जादा गडी येतोय म्हटल्यावर मेंदू गप्प बसत नाही. तो ग्लुटामेटच्या बाजूचा जोर वाढवतो, गाबाचा कमी करतो. काही महिन्यांत, काही वर्षांत दोर पुन्हा मधोमध येतो, फक्त आता तो तिथे राहण्यासाठी दारू लागते. आणि मग एके दिवशी दारू थांबली, शपथ घेतली म्हणून, पैसे संपले म्हणून किंवा पाय मोडून दवाखान्यात पडावं लागलं म्हणून, की दोर सटकन दुसऱ्या बाजूला जातो. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना दिवस-रात्रीचं, माणसांचं भान राहत नाही.

हाडांच्या वॉर्डात हे दृश्य नेहमीचं आहे. अपघातात पाय मोडलेला एक ट्रक ड्रायव्हर. पहिला दिवस ठीक गेला. तिसऱ्या रात्री तो पलंगावर उठून बसला, डावा हात खाली नेऊन गिअर टाकू लागला, उजव्या हातानं नसलेलं स्टिअरिंग फिरवू लागला. मध्येच चादरीवरून किडे वेचायचा. आईनं रडत रडत अंगारा लावला, मामा देवऋषाकडे जायला निघाले. तो अपघात तिठ्यावर झाला होता, म्हणजे बाहेरची बाधा असणारच, असं सगळ्यांचं मत. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ती जीवघेणी ठरू शकते. तिथे लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, वेळेवर द्यावं लागतं. तेही नुसतं ग्लुकोज लावण्याआधी. त्या ड्रायव्हरला मनाचा वेगळा आजार नव्हता. आठवड्याभरात तो वॉर्डातल्या मावशींची चेष्टा करत होता. अशा माणसाच्या केसपेपरवर घाईघाईनं 'सायकोसिस' लिहिलं गेलं तर तो शिक्का वर्षानुवर्षं पुसला जात नाही.

नैराश्याचंही तेच. दारूनं झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते. सकाळी उठल्यावर छातीत भीती असते, तोंड दाखवायची लाज असते. नोकरी, पैसा, नाती सगळं एकेक करून निसटत असतं. अशा माणसाला नैराश्याचे प्रश्न विचारले तर सगळ्यांची उत्तरं 'हो' येणारच. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियात सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांची दर आठवड्याला तपासणी केली. दाखल होताना त्यांच्यातल्या ४२ टक्क्यांना उपचार करावेत इतकं नैराश्य होतं. चौथ्या आठवड्यात ते ६ टक्क्यांवर आलं. दारूखेरीज बदललेलं फारसं काही नव्हतं.

मानसोपचारात 'तीन-चार आठवडे कोरडे जाऊ द्या, मग निदान करू' हा नियम रुळला तो अशा निरीक्षणांमुळे. नियम शहाणपणाचा आहे. घोटाळा होतो तो 'निदानासाठी थांबू'चं 'उपचारासाठी थांबा' होतं तेव्हा. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत, ज्याला पूर्वी न पिता नैराश्य येऊन गेलं आहे, ज्याच्या सख्ख्या नात्यात बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया आहे, त्याला चार आठवडे नुसतं बसवून ठेवणं म्हणजे त्याला एकटं सोडणं. दारू आणि नैराश्य एकत्र असतात तेव्हा आत्महत्येचा धोका दोन्हींपैकी कुठलंही एकटं असताना असतो त्यापेक्षा जास्त असतो. अशा रात्री घरच्यांच्या हाताशी १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर असावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता दुसरी बाजू. हार्वर्डचे मनोविश्लेषक एडवर्ड खांझियन यांनी १९८५ साली मांडलं की माणसं नशा निवडतात ती मजेसाठी कमी आणि स्वतःच्या विशिष्ट वेदनेवरचं औषध म्हणून जास्त. चार लोकांत उभं राहिलं की घशाला कोरड पडणारा मुलगा वरातीत नाचण्याआधी गाडीमागे जाऊन दोन पेग मारून येतो. भीती खरोखरच कमी होते, म्हणून पुढच्या वेळी तीन मारतो. कानात आवाज येणारा माणूस आवाजांचा त्रास बोथट व्हावा म्हणून पितो. लहानपणी अत्याचार सोसलेली बाई रात्रीची स्वप्नं टाळायला पिते, आणि तिच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही, कारण आपल्याकडे पिणाऱ्या बाईला आजारी म्हणायचीही कुणाची तयारी नसते.

हा विचार मला अर्धाच पटतो. वेदना खरी असते, पण दारू हे तिच्यावरचं फार वाईट औषध आहे: आज संध्याकाळी भीती उतरवून उद्या सकाळी ती व्याजासकट परत करणारं. शिवाय प्रत्येक पिणाऱ्यामागे काही दुखणं दडलेलं असतंच असं नाही. दुखणं सापडलं तरी ते बरं केलं की दारू आपोआप सुटेल, ही आशाही सहसा खोटी ठरते. काही वर्षांत व्यसन स्वतःच्या पायावर उभं राहतं, त्याला मूळ कारणाची गरज उरत नाही. आणि दोघांची मुळं पुष्कळदा एकाच मातीत असतात: आनुवंशिकता, बालपणीचे आघात, मेंदूची घडण. कुणी कुणाला जन्म दिला हे दर वेळी ठरवता येत नाही, आणि उपचार सुरू करायला ते ठरवावं लागतही नाही.

तरी सरांच्या बाबतीत ते ठरवणं भाग होतं, कारण गोळ्या कुठल्या द्यायच्या हे त्यावर अवलंबून होतं.

मी बाईंना विचारलं, "ताई, गेल्या काही वर्षांत सर अजिबात प्यायले नाहीत असा सलग महिनाभर कधी गेला?"

त्या लगेच म्हणाल्या, "श्रावण. श्रावणात एक थेंब नाही. गटारीला भरपूर होते, पण श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत बाटलीकडे बघत नाहीत. आईला शब्द दिलेला आहे."

महाराष्ट्रात लाखो घरांत पाळला जाणारा हा कोरडा महिना मानसोपचारतज्ज्ञांनी अजून पुरेसा वापरलेला नाही, असं मला वाटतं. चार आठवडे दारूविना मन कसं असतं हे पाहायला आम्ही माणसाला दाखल करतो, आणि इथे तो प्रयोग दर वर्षी घरीच होत असतो. (एक इशारा इथेच देतो. सकाळी उठल्या उठल्या घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत अशा माणसानं गटारीच्या दुसऱ्या दिवशी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. त्याला आधी डॉक्टर गाठून द्या.)

"श्रावणात सर कसे असायचे? उदास?"

"छे! श्रावणात तर फार छान असायचे. मंडळाचं सगळं ह्यांच्याच अंगावर. उत्साह नुसता."

"झोप?"

ते त्यांना नीट आठवेना. घरात गणपतीची गडबड, कोण कधी झोपलं याचा हिशेब कोण ठेवतो? मग पुढच्या खेपेला येताना त्यांनी तिसरी पिशवी आणली. तिच्यात तीन वर्षांची 'कालनिर्णय' होती. बाई सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे, दूध, सगळं त्या चौकोनांत लिहीत. दूध रोज एक लिटर. चौकोनामागून चौकोन '१', '१', '१'. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यापासून '१॥'. मग '२'. तिन्ही वर्षी.

"श्रावणात दूध का वाढायचं? उपासामुळे?"

"उपास मी करते, हे नाही," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "हे पहाटे तीनला उठायचे. चहा करायचे. पाचपर्यंत तीन-चार वेळा. मला वाटायचं, मंडळाचे हिशेब करतायत."

दारू सोडल्यानंतरही झोप जाते, हे वर आलंच. पण ती झोप पहिल्या दिवसांत सर्वात जास्त जाते, आणि माणूस दमलेला, चिडलेला असतो. सरांची झोप दुसऱ्या आठवड्यात कमी होऊ लागली होती, आणि तीन तास झोपून ते ताजेतवाने होते. एका वर्षी त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं मागवली, कुणाला न विचारता. एका वर्षी क्लास काढायचा म्हणून गाळ्याचं डिपॉझिट भरून आले. विसर्जनानंतर बाटली पुन्हा यायची, आणि मग जे काही व्हायचं ते दारूच्या खाती जमा व्हायचं. दिवाळीनंतर ते कोसळायचे. तेव्हा त्यांना डॉक्टरकडे नेलं जायचं, आणि डॉक्टरांना दिसायचं नैराश्य.

हा बायपोलर आजार होता: कधी उन्माद, कधी नैराश्य. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती काहींना उन्मादाच्या टोकाला ढकलू शकते. 'गोळ्या सुरू केल्या की हे जास्त पितात' ही बाईंची जुनी तक्रार होती, जी दोन्ही पिशव्यांत कुठेच लिहिलेली नव्हती. उन्मादात मनाचा वेग इतका असतो की रात्री थोडं खाली उतरण्यासाठी माणूस पितो. 'दोन घेतल्याशिवाय डोकं थांबत नाही' हे सरांचे शब्द. बाटलीवर पडलेला माणूस सबबी सांगतोय, असंच सगळ्यांना वाटत आलं होतं.

अशा वेळी काय करायचं याचं उत्तर अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं: दोन्ही आजारांचे उपचार एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकमेकांशी बोलणाऱ्या एकाच चमूनं करायचे. हे ऐकायला साधं वाटतं. प्रत्यक्षात त्यासाठी दोन जगांना एकमेकांच्या सवयी सोडाव्या लागतात. व्यसनमुक्तीच्या जगात 'गोळी म्हणजेही नशाच' हा समज खोल रुतलेला आहे. मनाच्या औषधावर स्थिर झालेला माणूस शेअरिंगच्या गटात 'तू अजून पूर्ण सोबर नाहीस' हे ऐकून गोळ्या बंद करतो आणि महिन्याभरात कोसळतो. १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू करणारे बिल विल्सन स्वतः दारू सुटल्यानंतर कित्येक वर्षं तीव्र नैराश्यात होते, हे गटात मोठ्यानं सांगायला हवं. संघटनेच्या स्वतःच्या पुस्तिकेतही सभासदांनी दुसऱ्याच्या औषधांबाबत डॉक्टर होऊ नये असा स्पष्ट सल्ला आहे. उलट दवाखान्याच्या जगात दारूचा प्रश्न चिठ्ठीच्या कोपऱ्यात दोन शब्दांत मिटवला जातो. दारू पिऊन उलट्या झाल्या, शरीरातलं पाणी कमी झालं, की बायपोलरसाठी दिलेलं लिथियम रक्तात विषारी पातळीला जाऊ शकतं. झोपेची गोळी आणि दारू एकत्र आली तर श्वास मंदावतो. म्हणून 'किती घेता' हा प्रश्न नाडी बघण्याइतका आवश्यक आहे.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. त्याच्या संस्थापक डॉ. अनिता अवचट त्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अनिल अवचट बरोबर होते, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती. आपल्याकडच्या एवढ्या महत्त्वाच्या केंद्राचा जन्म मनाच्या रुग्णालयाच्या कुंपणाच्या आत झाला, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि तज्ज्ञ नसले तर? गोव्यात 'संगत' या संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. मानसोपचाराचं कुठलंही आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन जास्त पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार बैठकांत बोलायला लावलं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निकालांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. त्याच केंद्रांत त्याच संस्थेनं नैराश्यासाठीही अशाच बैठका तयार केल्या. तालुक्याच्या गावात दोन्ही एका छताखाली आणणं अशक्य नाही, याचा मला हा पुरावा वाटतो.

घरच्यांसाठी एकच गोष्ट निक्षून सांगतो. चहातून, भाजीतून लपवून दारू सोडवण्याची पूड देऊ नका. तिच्यात अनेकदा डायसल्फिरॅम असतं. कोपनहेगनमध्ये जंतांवरचं औषध म्हणून ते स्वतः घेऊन पाहणाऱ्या संशोधकांना दारू प्यायल्यावर भयंकर त्रास झाला, आणि १९४८ साली त्याचा व्यसनमुक्तीसाठी उपयोग पुढे आला. माहीत असून, संमतीनं घेणाऱ्याला ते मदत करतं. न सांगता दिलं तर माणूस नेहमीसारखा पितो आणि रक्तदाब कोसळून पडतो. ज्याला भास होतात, संशय येतो, त्याचा तो आजार याच औषधानं उसळू शकतो. दारू सोडण्यासाठी माळ घालण्याबद्दल मात्र मी काही बोलत नाही. माळेनं अनेकांना वर्षानुवर्षं तारलेलं मी पाहिलंय. गळ्यात माळ असताना खिशात गोळ्या असायला हरकत नाही, एवढंच म्हणतो.

सरांना लिथियम सुरू केलं. आधी दहा दिवस दाखल करून दारू उतरवली. नैराश्याची गोळी हळूहळू बंद केली. दोन पिशव्यांतले कागद एका फाईलमध्ये लावले आणि केंद्रातल्या समुपदेशकाला तिची प्रत दिली. आम्ही दोघं महिन्यातून एकदा फोनवर बोलायचं ठरवलं. सर वर्षात दोनदा प्यायले, एकदा मेहुण्याच्या लग्नात आणि एकदा काही कारण नसताना. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी आले.

पुढच्या वर्षी श्रावण लागता लागता बाईंचा फोन आला. "डॉक्टर, दारू नाही. गटारीलासुद्धा घरी होते. पण परवापासून दीड लिटर लागतंय."

मी त्यांना दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं या म्हणून सांगितलं.